झोपाळ्याच्या फळीखालचा चुना

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने ऐकते, पण ऐकून झालं की सांगणाऱ्याला असे काही प्रश्न विचारते की तो पुन्हा माझ्यासमोर तोंड उघडत नाही. स्वभावच तसा आहे. त्यात केमिस्ट्रीची पदवी... म्हणजे बघायलाच नको. असल्या अनुभवांवर माझा कधी काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे इथे स्वतःच असं काही लिहायला बसताना हात अडखळतोय. भीतीने नाही. लाज वाटतेय म्हणून.

आधी जागा सांगते. डहाणू रोडहून मसोलीकडे येताना आमची शेड आहे. वडील सुतार होते, शेड त्यांची. त्यांच्यामागे मी ती जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीसाठी चालवते. बोर्डी, घोलवड, नरपड या पट्ट्यात जुनी घरं पुष्कळ. आरामखुर्च्या, कपाटं, पलंग — मोडलेलं, वाळवी लागलेलं, रंग फासून विद्रूप केलेलं सगळं आमच्याकडे येतं. मुलं मुंबईत नाहीतर परदेशात, त्यांना एकदम आजोबांच्या खुर्चीची आठवण येते. बरं आहे, आमचं चालतं त्यावर.

माझ्या हाताखाली लखमी होती. गंजाड गावची. रोज सकाळी टमटमने यायची. घासकाम तिचं आणि पॉलिशचे पहिले हातही तिचेच. मी एकटीनेच काम शिकवलं असं म्हणायला मला आवडायचं, पण वडिलांच्या वेळेपासून ती शेडमध्ये होती, काही गोष्टी तिने वडिलांकडूनच उचलल्या असणार. बाई गुणाची, पण फाटक्या तोंडाची. हळदीच्या नि लग्नांच्या दिवसांत हमखास दांड्या मारणार. पॉलिश वाळायला ठेवलं की टीव्हीवरच्या मालिकेची सगळी कथा मला ऐकावी लागणार. आणि तंबाखू. दर तासा-दोन तासाने डबी निघायची. तळहातावर तंबाखू, बोटावर चुना, अंगठ्याने मळायचं, एक टाळी, की दाढेखाली. मी ओरडायचे, ती हसायची. आमचं ते ठरलेलंच होतं.

दिवाळीनंतर बोर्डीच्या हेमंतभाईंचा झोपाळा आला. त्यांची चिकूची वाडी आहे, घर जुनं. आमच्याकडे गुजराती घरांत असतो तसा ओटीवरचा मोठा झोपाळा — एकसंध सागाची जाड फळी, चार पितळी सळ्या. घरात पाणी गळून फळीला लांब चीर गेली होती, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. हेमंतभाईंच्या आईला, म्हणजे बांना, मरायच्या आधी पुन्हा त्यावर बसायचं होतं. तसं त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या.

फळी उलटी केली तर खालच्या बाजूला, एका कडेला चुन्याचा थर. जुनी घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे नवीन नाही. तंबाखू मळून झाला की बोटावरचा उरलेला चुना खांबाला, चौकटीला, भिंतीला कुठेही पुसायचा — आमच्याकडची जुनी सवय. कुठे कुठे तर पिढ्यान् पिढ्यांचा थर साचून खांबाला पांढरा टेंगूळ आलेला असतो. मी व्हिनेगर लावलं, फसफसून चुना सुटला. लखमीने पॉलिशपेपरने ती जागा गुळगुळीत केली. वाळवीचा कोपरा कापून नवा तुकडा बसवला, चीर भरली, चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश सुरू झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चपड्याच्या पॉलिशला चुना म्हणजे वैरी. चुना लागला की पॉलिश मऊ पडतं, चिकट होतं, त्याखालचं लाकूड काळवंडतं. त्यामुळे सकाळी शेड उघडल्यावर त्याच कडेला चुन्याचा ताजा फराटा दिसला, तेव्हा माझं डोकं फिरलं. बोट पुसल्यासारखा. सुरुवातीला जाड, शेवटी विरळ.

"लखमे, हे काय ग?"

ती आली, वाकून बघितलं. "अरे देवा. ताई, मी नाय लावला."

"मग मी लावला का? मी कधीपासून तंबाखू खायला लागले?"

"मना काय माहीत. मी हात लुगड्याला पुसते. लाकडाला नाय."

तेव्हा मी हसून सोडून दिलं. पुन्हा धुतलं, पुन्हा घासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच जागी. मी तिला सांगितलं की तंबाखू शेडच्या बाहेर मळायचा, हात धुऊन आत यायचं. ती बाहेर जाऊन मळायला लागली. तरी पुन्हा फराटा आला.

आता इथून पुढचं लिहायला जिवावर येतंय.

हेमंतभाई कामाची प्रगती बघायला बायकोला घेऊन आले. बरोबर सुरतचे कोणी पाहुणेही होते, त्यांनाही जुनं फर्निचर करून घ्यायचं होतं. मी मोठ्या रुबाबात फळी दाखवायला घेतली... आणि कडेला तो पांढरा फराटा. मी सकाळी स्वतः साफ केला होता. दुपारी, मंडळी यायच्या आधी, लखमीच तिथे घासत बसली होती.

हेमंतभाईंच्या बायकोने तोंड वाकडं केलं. "आ शुं? हे तर तंबाखूवाला चुना आहे ना?"

आणि मी — त्या पाहुण्यांसमोर, माझ्या कामाची अब्रू वाचवायला — ओरडले, "लखमे, इकडे ये. हात दाखव."

ती आली. हात पुढे केला नाही.

"दाखव म्हणते ना!"

तिने उजवा हात पुढे केला. तर्जनीच्या नखात चुना होता. असणारच होता, ती नुकतीच बाहेरून तंबाखू मळून आली होती. मी ते बोट धरून सगळ्यांना दाखवलं. शाळेत मास्तर पोराचा मळका हात दाखवतात तसं. हेमंतभाई हसले, म्हणाले, "आ लोकोने कितीपण समजावो बेन, सवय जात नाही." पाहुणेही हसले. आणि मीही हसले.

लखमी म्हणाली, "ताई, मी नाय केला. तुम्ही मना ओळखता. मी खोटं कशाला बोलू?"

"मग कोणी केलं? झोपाळ्याने स्वतः तंबाखू खाल्ला?"

पुन्हा हशा. ती आत गेली, खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या आणि निघून गेली. तिची पोरगी त्याच शेडमध्ये लाकडाचा भुगा चिवडत चालायला शिकली होती. मी तिला थांब म्हटलं नाही. मनात म्हटलं, येईल उद्या.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. फराटा आला.

शहाण्या माणसाने तिथेच समजायला हवं होतं. मी काय केलं? मला वाटलं, लखमीकडे शेडची चावी आहे, रागाने येऊन करून गेली असेल. मी कुलूप बदललं. शेजारच्या गॅरेजवाल्याला सांगून ठेवलं की लखमी इकडे फिरकली तर मला कळवा. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. गंजाडची बाई टमटमचं भाडं खर्चून माझ्या झोपाळ्याला चुना लावायला येईल... हे मला खरं वाटत होतं. हेच मला आज सगळ्यात जास्त सलतं.

कुलूप बदलल्यावरही फराटा आला.

मग मात्र मी पदवीचा आधार घेतला. म्हटलं, जुना चुना लाकडाच्या रेषांत मुरलेला असणार, हवेतला दमटपणा लागून वर येत असेल. भिंतीला खार येतो तसा. डहाणूची हवा दमट असतेच. अगदी पटण्यासारखं होतं. म्हणून ती जागाच रंध्याने तासून काढली. तेवढ्याने मन भरलं नाही, तेव्हा कडेची पूर्ण पट्टी कापली आणि तलासरीच्या जुन्या लाकडाच्या वखारीतून आणलेली सागाची पट्टी तिथे बसवली. हे लाकूड बोर्डीच्या त्या घरात कधी गेलंच नव्हतं. वर पॉलिशचे हात दिले. फळी घोडीवर उलटी ठेवली, म्हणजे ती कडा वर आली. त्यावर धुतलेलं पांढरं मलमल घट्ट गुंडाळून गाठी मारल्या, आणि शेड बंद केली.

सकाळी गाठी तशाच होत्या. मी हाताने सोडवल्या. मलमल स्वच्छ, डाग म्हणून नाही. खाली नव्या पट्टीवर चुना. आणि ओला. मी बोट लावून बघितलं तर बोटाला आला, आणि तंबाखूचा तो उग्र वास. या वेळी फराट्यात बोटाच्या चामडीवरच्या रेषासुद्धा स्पष्ट दिसत होत्या. मी माझं बोट शेजारी ठेवलं. फराटा माझ्या बोटापेक्षा बारीक होता. लखमीचं बोट तर माझ्यापेक्षा जाड. कामाने सुजल्यासारखी झालेली तिची बोटं मी रोज बघत होते.

सकाळची वेळ, रस्त्यावर टेम्पोंचे हॉर्न, शेजारी गॅरेजमध्ये रेडिओ. आणि मी शेडच्या मधोमध उभी, घाम फुटलेला. कॅमेरा लावायला हवा होता हे मला आता सगळे सांगतात. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त तिथून बाहेर पडायचं होतं.

बाहेर पायरीवर बसले. जरा वेळाने धीर करून आत गेले आणि एक गोष्ट केली जी मी आधीच करायला हवी होती. सळ्या अडकवून झोपाळा आढ्याला टांगला, तो बांधला जातो त्या उंचीवर. मग विचार केला, या जागी बोट पुसायला माणूस कुठे असायला हवा? झोपाळ्यावर बसून बघितलं. हात पोचतच नाही, अंग पूर्ण वाकवावं लागतं. उभी राहून बघितलं. तेही नाही. मग जमिनीवर, झोपाळ्याच्या शेजारी मांडी घालून बसले. हात उचलला, आणि बोट आपोआप त्या जागी गेलं.

तो चुना झोपाळ्यावर बसणाऱ्याचा नव्हताच. खाली बसणाऱ्याचा होता.

मी स्कूटर काढून थेट बोर्डीला गेले. हेमंतभाई वाडीत चिकू उतरवून घेत होते. ओटीवर बा एकट्याच होत्या. मी सगळं सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "बा, तुमच्या घरात तंबाखू कोण खायचं?"

"कोणी नाही. माझ्या सासूला वाससुद्धा चालायचा नाही."

"मग झोपाळ्याखाली चुना कोणाचा?"

त्यांनी आढ्याच्या रिकाम्या कड्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आमची कामवाली बेसती ने, नीचे. सासू दुपारी झोपायची, ती खाली बसून झोपाळा ढकलायची. सासूचा डोळा लागला की गुपचूप तंबाखू. बोट खाली पुसायची, कोणाला दिसायला नको म्हणून. मी नवी नवी आलेली, मला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही."

"तिचं काय झालं?"

"म्हातारी होऊन गेली, आपल्या घरी. काय व्हायचं?" त्या म्हणाल्या. मग आपल्याशीच, "इतकी वर्षं झोपाळा ढकलला तिने. एकदा पण वर बस म्हणालो नाही आम्ही."

मग मी त्यांना फराट्याचं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेवढी जागा पॉलिश करू नको. राहू दे तिला. आणि हेमंतला सांगू नको, तो मला डॉक्टरकडे नेईल."

मी तेवढ्या जागेवर पॉलिशचे पुढचे हात दिले नाहीत. पुसलं नाही, घासलं नाही. जो फराटा होता तो वाळला. त्यानंतर एकही नवा आला नाही. झोपाळा बोर्डीला गेला, बा त्यावर बसल्या, हेमंतभाईंनी त्या पांढऱ्या डागाबद्दल कुरकुर केली आणि बांनी त्यांना गप्प केलं.

कोणाला वाटेल, गोष्ट संपली. मलाही वाटलं असतं, तर मी हे लिहिलंच नसतं.

मी गंजाडला गेले. जायला फार दिवस लावले, आज-उद्या करत राहिले. लखमी अंगणात सुपात तूर पाखडत होती. मला बघून उठली नाही, पण पोरीला म्हणाली, "ताईंना पाणी दे." मी खाली बसले. म्हणाले, "लखमी, माझं चुकलं. तू केलं नव्हतंस." आणि मग सगळं सांगितलं. कुलूप, तलासरीची पट्टी, मलमल, बारीक बोट, बा. कुलूप बदलल्याचं सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. सूप चालूच होतं. मग म्हणाली, "म्हणजे मी गेल्यावर पण चुना आला, म्हणून तुम्ही आलात."

"हो."

"नसता आला तर?"

मी सुपातल्या तुरीकडे बघत राहिले.

"ताई, जी कधीची मेली, जिला तुम्ही कधी बघितली नाय, तिचा तुम्ही खरा मानला. मी समोर उभी राहून सांगत होती. माझा नाय मानला."

मला रडू आलं. ती मात्र शांत होती. म्हणाली, "रडू नका. कामाला मी येणार नाय, चिकूच्या वखारीत लागलीय. पण त्या शेटसमोर तुम्ही माझा हात दाखवला ना, मग त्या शेटला सांगा. आता सांगा, माझ्यासमोर. भुताबिताचं नको, तो आणखी हसंल. फक्त सांगा, लखमीनी नाय केला."

बरोबरच होतं. मी तिथेच फोन लावला, स्पीकर चालू केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "हेमंतभाई, त्या दिवशी तो चुना लखमीने लावला नव्हता. मी तिच्यावर उगाच आळ घेतला."

"असं के? बरं, बरं," ते म्हणाले. मग सहज विचारलं, "पण कशावरून म्हणता, बेन?"

लखमीचं सूप थांबलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

आणि मी बोलून गेले, "अहो, ती कामावर नव्हती तेव्हापण चुना येत होता, मी कुलूप बदललं तरी..."

ती उठली. सूप काखेत घेतलं आणि आत गेली. फोनवर हेमंतभाई हसत होते, "बेन, हे काय बांच्या नादी लागलात की काय..." मी फोन बंद केला. हाक मारली, दोनदा मारली. ती बाहेर आली नाही. पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तीही आत गेली.

त्या नव्या पट्टीवर, बांधलेल्या मलमलीखाली चुना कुठून आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथे कोणाकडे असेल तर सांगा, मी नेहमीसारखे उलट प्रश्न विचारणार नाही. पण "कशावरून" याचं उत्तर माझ्याकडे होतं. ती म्हणाली म्हणून. एवढंच म्हणायचं होतं मला त्या फोनवर, ती समोर बसलेली असताना, आणि ते माझ्या तोंडात आलंच नाही.